मोंघीभाभीचे पांढरे हत्ती

माणूस मेलं की चांगलं होतं. म्हणून माझी थोरली जाऊ जिवंत आहे तोवरच तिच्याबद्दल सांगून टाकते. उद्या ती गेली, की मलाही चारचौघींसारखं डोळ्याला पदर लावून 'फार मायाळू होती हो' म्हणावं लागेल, आणि एवढं धडधडीत खोटं माझ्याच्यानं बोलवायचं नाही.

तिचं नाव मोंघी. मोंघी म्हणजे आमच्याकडे महाग. नाव ठेवताना तिच्या आईबापाला सगळं पुढचं दिसलं असावं. मला ती एकतीस वर्षं महाग पडली आहे.

जामनगरला खंभाळिया नाक्याच्या आत आमची डेली आहे. एक मोठा दरवाजा, आत चार घरं, एक अंगण आणि चौघांत मिळून एक नळ. आमच्या गावाला एकेकाळी सौराष्ट्राचं पॅरिस म्हणायचे. म्हणणाऱ्यानं आमची डेली पाहिली नव्हती. जामसाहेबांनी रुंद रस्ते काढले, चौक बांधले, तळं राखलं, ते सगळं खरं. पण गाव जगलं ते दोन कामांवर. पुरुषांनी पितळेच्या कारखान्यात जाऊन हात काळे करायचे आणि बायकांनी घरात बसून बांधणीच्या गाठी मारायच्या. माझा नवरा वालजी आणि माझे थोरले दीर, दोघेही पितळेच्या भट्टीवर. दीर लवकर गेले, छातीत धूर बसून. मूलबाळ झालेलं नव्हतं. मागे मोंघी राहिली, तिच्या डाव्या करंगळीचं नख राहिलं आणि तिची जीभ राहिली.

त्या नखाचं कौतुक काय सांगू! खत्री लोक, म्हणजे आमचे रंगारी, कापडावर गेरूचे ठिपके छापून आमच्याकडे पाठवतात. एकेक ठिपका खालून नखानं उचलायचा, त्यावर दोऱ्याचे वेढे आवळायचे, आणि दोरा न तोडता पुढच्या ठिपक्यावर जायचं. जिथं गाठ तिथं रंग शिरत नाही, एवढीच सगळी विद्या. पण मोंघीची गाठ मोहरीएवढी. एका पदरावर मी हजार गाठी मारीन तिथं ती अडीच हजार मारायची, आणि सगळ्या एका आईच्या लेकरांसारख्या सारख्या. म्हणून तिचं नख जपायचं. नख मोडेल म्हणून ती पीठ मळायची नाही, भांडी घासायची नाही, नळावर हंडा उचलायची नाही. बाजरीचे रोटले वीस वर्षं मी थापले. ती पाटावर बसून म्हणायची, "लाभू, कडेला जाड राहिलाय गं."

मी म्हणायचे, "मग तुम्ही थापा, भाभी."

"मी थापले असते, पण नूरमामदभाईला काय सांगू? नख रोटल्यात गेलं म्हणून?"

नूरमामदभाई म्हणजे आमचा खत्री. त्याच्या बापाच्या वेळेपासून आमच्या घरात त्याचं कापड येतं. चांगला माणूस, पण मोंघीचं नाव काढलं की त्याच्या तोंडात साखर विरघळायची. माझ्या हातचा दुपट्टा तो उन्हात धरून उलटसुलट बघायचा, आणि मोंघीचं गाठोडं न सोडताच पिशवीत टाकायचा. त्यातून मोंघी त्याच्यादेखत माझं काम उचलून बघायची आणि म्हणायची, "अगं, ही गाठ आहे की गोचीड?" नूरमामदभाई हसायचा नाही, पण मिशी हलायची. मला ती मिशी दिसायची.

आणि एकाहत्तरची लढाई तर तिनं एकटीनंच लढली होती. विमानतळावर बॉम्ब पडत होते, सगळं गाव दिवे विझवून बसलेलं, आणि ही रजईखाली नुसत्या बोटांनी गाठी मारत होती. सकाळी मोजल्या तर एकही चुकलेली नाही. हे मी तिच्या तोंडून दोनशे वेळा ऐकलं आहे. मी त्याच रजईशेजारी तापानं फणफणलेली तरु पोटाशी घेऊन बसले होते, ते मात्र तिनं एकदाही कुणाला सांगितलं नाही.

तरु माझी एकुलती एक मुलगी. तरुलता. खरं दुखणं काय होतं ते सांगते, लपवाछपवी कशाला करू. नऊ महिने पोटात मी वागवली, पण मांडी मात्र तिला मोंघीची लागायची. आमच्याकडे बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला मुलं भाभू म्हणतात आणि आईला बा. शाळेतून आली की दप्तर अंगणात आणि पोरगी 'भाभू, भाभू' करत आत. सहा वर्षांची असताना तिनं पहिली गाठ मारली. मी म्हटलं, "आण इकडे, बघू." तर ती म्हणाली, "तुला नाही दाखवणार, बा. तुझीच गाठ ढिली असते. भाभू म्हणते." मोंघी पलीकडे बसून सुपारी कातरत होती. तिनं वरही पाहिलं नाही, पण गालात हसली. त्या दिवशी मी ठरवलं, की हिची एक तरी चूक मी चारचौघांत पाहीनच.

वाट बघण्यात सोळा वर्षं गेली.

मध्ये दुष्काळ पडला. तळं इतकं कोरडं झालं, की पोरं त्यात क्रिकेट खेळायची. रंगाला पाणी नाही म्हणून खत्री हातावर हात धरून बसले. लाल रंग आमच्याच पाण्यात चढतो असा आमच्या गावाचा तोरा. पाणीच नाही तर तोरा कशावर मिरवणार? अठ्ठ्याऐंशी साली आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला आणि तीन वर्षं अडलेली लग्नं एकदम उठली. त्यातच आमच्या तरुचं ठरलं. तरु तेव्हा राजकोटला वसतिगृहात राहून शिक्षिकेचा अभ्यास करत होती. मुलगा पोरबंदरचा, तोही शाळामास्तर. त्याची आई रळियातबेन मात्र मास्तरांची मास्तर. सुपारी फुटली त्याच दिवशी तिनं आमच्या ओसरीवर बसून फर्मान काढलं.

"घरचोळं मोंघीबेनच्या हातचं पाहिजे. नाहीतर मी भुजहून आणीन."

घरचोळं ही नवऱ्याकडून येणारी लाल साडी. तिच्याशिवाय नवरी घरची होत नाही. जरीच्या बावन्न चौकटी, प्रत्येक चौकटीत एक चित्र. एका घरात नाचरी पुतळी, शेजारच्या घरात हत्ती. रळियातबेननं रंगही सांगून टाकले, "पुतळ्या पांढऱ्या, हत्ती पिवळे, बाकी सगळं लाल."

मोंघीनं मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "लाभू, तू हात लावायचा नाहीस हं. बाचा नियम आहे." आमच्या सासूनं घालून दिलं होतं, की नवरीच्या आईनं घरचोळ्याला लग्नाआधी शिवू नये. मी म्हटलं, "शिवते कशाला? मला काय हौस आहे?"

आता ह्या कामातली मेख एकच, आणि ती आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही माहीत असते. कापड आधी पांढरं असतं. जे पांढरं ठेवायचं ते आधी बांधायचं. मग कापड पिवळ्या रंगात जातं. जे पिवळं ठेवायचं ते मग बांधायचं. शेवटी लाल. एकदा का पांढऱ्याच्या वेळी एखादं चित्र बांधलं, की ते पांढरंच राहणार, ब्रह्मदेव आला तरी पिवळं होणार नाही. आणि कळतं कधी? सगळे रंग चढून गाठी सुटतात तेव्हा. तोवर सगळी साडी आक्रसून मुठीएवढी झालेली असते.

भाद्रपदातली गोष्ट. सकाळी दहाचा सुमार, ओसरीवर ऊन आलेलं. मोंघी घरचोळं घेऊन बसली होती, तिच्यासमोर मी एका जाड्याभरड्या दुपट्ट्यावर. सहज माझी नजर तिच्या गुडघ्यावरच्या चौकटीवर गेली. तिथं सोंड बांधून झाली होती. पाठ झाली होती. आता ती शेपटीवर होती.

पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकतेय. मग शेजारचं घर पाहिलं. त्यात पुतळी तशीच, गेरूची, न बांधलेली. त्याच्या पुढचा हत्ती बांधलेला. त्याच्या पुढची पुतळी कोरी. बाई गं! पुतळ्या सोडून हत्ती बांधत सुटली होती.

माझा दोरा हातातच थांबला. मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. मागच्या महिन्यात ती मधोमध ठेवलेल्या बादलीवर धडपडली होती. ताटात बाजूला वाढलेली चटणी तिला सापडायची नाही. आणि हल्ली ती कापडाकडे बघायची ती कोंबडी दाणा बघते तशी, मान वाकडी करून. तिला ठिपका दिसत होता. फक्त एक ठिपका, बांगडीतून बघावं तेवढं. तो ठिपका हत्तीचा आहे की पुतळीचा, हे तिला दिसतच नव्हतं. मोंघी आंधळी होत होती आणि नखाच्या जोरावर जगाला फसवत होती.

माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशपथ आलं होतं. 'भाभी, थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पाचच हत्ती झाले होते, एका दुपारी सोडता आले असते. तेवढ्यात मोंघी मान वर न करता म्हणाली, "काय गं, हात का थांबला? दोरा संपला की अक्कल?"

मी तोंड मिटलं आणि पुढची गाठ मारली.

तिसऱ्या दिवशी सहावा हत्ती झाला, सहाव्या दिवशी सातवा. मी रोज मोजायचे. नवरात्र गेलं, दिवाळी गेली. तरु दिवाळीला आली, पण तयार होईपर्यंत नवरीनं घरचोळं बघायचं नसतं म्हणून ते पेटीत होतं. ती गेली, ते पुन्हा बाहेर आलं. कार्तिकात सव्वीसच्या सव्वीस हत्ती पूर्ण झाले आणि नूरमामदभाई कापड न्यायला आला.

"तपासू का, मोंघीबेन?" त्यानं थट्टेनं विचारलं.

"तपासा की. माझे दातही मोजून घ्या हवं तर."

तो हसला. मग पिशवीत कापड टाकता टाकता काय मनात आलं कोण जाणे, माझ्याकडे वळून म्हणाला, "लाभूबेन, तुम्ही रोज समोर बसता. सगळं बरोबर आहे ना?"

झालं! सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं मला कामाबद्दल काही विचारलं होतं. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "मला काय विचारता, भाई? मला कुठं कळतंय त्यातलं? माझ्या गाठी म्हणजे गोचिडी."

तो खाली बघून निघून गेला. संध्याकाळपर्यंत कापड पिवळ्यात पडलं होतं.

तरुचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, रोज आला. पण मी स्वतःला समजावलं, साडी तर लालच होणार आहे, जरी तर जरीच राहणार आहे, हत्ती पांढरे की पिवळे हे पोरबंदरवाल्यांना काय कळतंय? कळलंच तर नाव कुणाचं जाईल? मोंघीचं. मला ते घरचोळं उघडताना तिचं तोंड बघायचं होतं. एवढंच हवं होतं मला, आणि त्यापायी मी आंधळीपेक्षा आंधळी झाले होते.

पिवळं होऊन कापड परत आलं, मोंघीनं पुतळ्या बांधल्या, मग लाल चढला, आणि लग्नाच्या दोन दिवस आधी रळियातबेन दहाबारा बायका घेऊन आली. ताटात घरचोळं, गाठींसकट, आक्रसून मुठीएवढं. अस्सल बांधणी गाठींसकटच आणतात, म्हणजे छापाची नाही हे सगळ्यांना कळतं. अंगणात जाजम घातलं होतं. डेलीतल्या बायका जमल्या, मोंघीला मधोमध पाटावर बसवलं. रळियातबेननं एक टोक धरलं, तिच्या नणंदेनं दुसरं, आणि दोघींनी ओढलं. तड तड तड करत गाठी सुटायला लागल्या, दोरे उडायला लागले, आणि ते मुठीएवढं कापड बघता बघता अंगणभर झालं. लाल तर असा चढला होता की सगळ्यांच्या तोंडून 'वाह' निघालं. आणि त्या लालावर सव्वीस पांढरे हत्ती.

एक म्हातारी सांभाळून घेत म्हणाली, "ऐरावत दिसतोय. शुभ असतो."

रळियातबेनची नणंद टोक हातात धरूनच म्हणाली, "ऐरावत कसला? सून घरात यायच्या आधीच पांढरा हत्ती दारात! वहिनी, आता पोसा जन्मभर." बायका खिदळल्या. रळियातबेन हसली नाही. तिनं टोक खाली ठेवलं आणि हात पुसले.

मी मोंघीकडे पाहिलं. सोळा वर्षं जे बघायचं होतं ते बघायला पाहिलं. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. ती दगडासारखी बसली होती.

तेवढ्यात तरु पुढे आली. हळद लागायची होती, पण चेहरा आत्ताच पिवळा पडला होता. तिनं साडीची एक घडी उचलली, बोट फिरवलं. तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती, मोंघीच्या मांडीवर वाढलेली पोर ती. तिनं एका नजरेत काय झालंय ते ओळखलं.

"हत्ती आधी बांधले गेले," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बा, तू रोज समोर बसत होतीस ना?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. पोरीच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता.

"तिला काय विचारतेस?" मोंघी पाटावरून गरजली. "तिचे डोळे माझ्याआधी गेलेत! मला निदान एक ठिपका तरी दिसतो, हिला तेवढाही नाही. गोचिडीसारख्या गाठी उगाच मारते का ती? दोन आंधळ्यांच्या घरात तुम्ही काम दिलंत, रळियातबेन. आता हसा नाहीतर रडा."

तरु धावत जाऊन मोंघीच्या गळ्यात पडली, मग येऊन माझ्या. "बा, मला कळवायचं तरी! मी राजकोटला बसून..." आणि रडायलाच लागली. मी तिच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले. माझ्या ठणठणीत डोळ्यांना समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसत होती.

बायका पांगल्यावर मी मोंघीला स्वयंपाकघरात गाठलं. ती मोहनथाळाच्या परातीशेजारी बसली होती.

"कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?" मी म्हटलं. "माझे डोळे कधी गेले?"

"भाद्रपदात गेले," ती म्हणाली. "दहाच्या सुमाराला."

मी मोहनथाळावरचं फडकं उगाच सारखं केलं.

"पिवळा चढून कापड परत आलं आणि पुतळी हाताखाली आली, तेव्हा मला कळलं," ती म्हणाली. "तुझा दोरा का थांबला होता, तेही मग उलगडलं. मला दिसत नाही, लाभू, ऐकू येतं. तू समोर बसलेलीस, तुझा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. नूरमामदनं विचारलं तेव्हा मी मनात म्हटलं, काही असलं तर आता बोलेल. पोटची पोर आहे तिची, आता तरी बोलेल. तर तू गोचिडी आठवून बसलीस."

"तुम्ही मला बोलायला तोंड ठेवलं होतंत का कधी?"

"नव्हतं ठेवलं. माझी चूक मी मघाशी बारा बायकांत कबूल केली. तू तुझी कर जा, तरु बाहेर बसली आहे."

माझे पाय उचलले नाहीत.

"मग आंधळी हो," मोंघी म्हणाली. "आणि तुझं तोंड वाचवायला बोलले असं समजू नकोस. लग्नाच्या मांडवात पोरीला आपल्या आईची किळस वाटू नये म्हणून बोलले. सरक, उजेड अडवतेस." उजेडाचा तिला काय उपयोग होता, ते तिचं तिला माहीत.

लग्न झालं. तरु ते पांढऱ्या हत्तींचं घरचोळं नेसूनच फेरे फिरली. आणि त्या मेल्या नणंदेचं बोलणं पोरबंदरात तिच्या आधी जाऊन पोहोचलं होतं. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला की 'पांढरा हत्ती', तिला ताप आला की 'पांढरा हत्ती'. घरात हसण्यावारीच म्हणायचे सगळे. पत्रात तरु हे लिहायची नाही, आमचा जावई एकदा बोलता बोलता बोलून गेला.

इकडे गावभर झालं की मोंघीचे आणि लाभूचे, दोघींचेही डोळे गेले. नूरमामदभाई येऊन हात जोडून म्हणाला, "बेन, दोघींनी आता आराम करा." वर्षभर चांगलं कापड आमच्या उंबऱ्यात आलं नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, माझे डोळे शाबूत आहेत! पण ते पोरबंदरला पोहोचायला किती वेळ लागला असता? तरु माहेरी आली की मी मुद्दाम सुई तिच्याकडे ओवायला द्यायचे, तांदूळ निवडताना खडे सोडायचे, उंबऱ्यावर अडखळायचे. मोंघी कोपऱ्यातून पुटपुटायची, "उंबरा अजून चार बोटं पुढे आहे. नीट अडखळ." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण करते काय?

लग्नाला वर्ष उलटून गेल्यावर फाल्गुनात तरुचं सातव्या महिन्यातलं खोळाभरण, म्हणजे ओटीभरण, झालं आणि ती पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं आम्हा दोघींना रिक्षात घातलं. बेडी नाक्याकडे एक नवीन डोळ्यांचे डॉक्टर आले होते, पहिल्या मजल्यावर दवाखाना. मी खूप टाळाटाळ केली. पण तिनं ऐकलं नाही. मी मनाशी ठरवलं, फळ्यावरच्या दोन ओळी वाचायच्या आणि तिसरीला अडकायचं. चष्म्यावर भागलं तर भागलं.

आधी मोंघीला बसवलं. डॉक्टरांनी बराच वेळ यंत्रातून पाहिलं आणि सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेलं परत यायचं नाही, आहे तेवढं थेंबांनी राखू. मोंघी म्हणाली, "बरं." एवढंच.

तरु मात्र उठून उभी राहिली. "डॉक्टर, हे वंशात उतरतं का? ह्या माझ्या भाभू, ह्यांचं आणि माझं रक्ताचं नातं नाही. पण माझ्या बालाही हेच आहे. आईला असलं तर मुलीला होतं का? आणि..." तिचा हात पोटावर गेला होता.

डॉक्टर सरळ माणूस. ते म्हणाले, "आईला असेल तर तुम्हाला दरवर्षी तपासून घ्यावं लागेल. मूल मोठं झालं की त्यालाही. आधी आईंना बघू या."

मी खुर्चीवर बसले. समोर फळा. मागे तरुचा श्वास ऐकू येत होता, भरभर चाललेला. सात महिन्यांचं ओझं घेऊन पोरगी उभी होती आणि तिच्या बाळाच्या डोळ्यांची भीती मी तिच्या पदरात बांधायला निघाले होते. कशासाठी? माझी लाज राखायला.

"वाचा, बेन. दिसेल तिथपर्यंत."

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीवर थांबले. मोंघी काही बोलली नाही, खोकलीसुद्धा नाही. मग मी तिसरी वाचली, चौथी वाचली, आणि न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, "वा!" मी म्हटलं, "खाली बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता आहे, तोही वाचते," आणि तोही वाचला.

"तुमच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही, बेन," डॉक्टर हसत म्हणाले. "ह्या वयात अशी नजर मी पाहिली नाही."

तरु आनंदानं किंचाळलीच. "बा! अगं बा, तुला तर सगळं दिसतंय!" तिनं मागून माझ्या गळ्यात हात टाकले, तिचे गाल ओले होते. "देवा, केवढी घाबरले होते मी! तुला तर सगळं..."

ती थांबली. हात तसेच होते, पण त्यातला जोर गेला. मग हळूहळू ते हातही निघाले.

"हत्ती तळहाताएवढे होते, बा," ती म्हणाली.

"हो."

"भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत."

"हो."

"तुला दिसले होते."

"दिसले होते," मी म्हटलं. "पहिल्या पाचाच्या वेळीच दिसले होते."

डॉक्टर काही न समजून आमच्याकडे बघत होते. मला वाटलं, मोंघी आता काहीतरी फेकेल. एकतीस वर्षांत तिचा शब्द कधी आयत्या वेळी चुकला नव्हता. पण ती हातातली काठी चाचपत बसून राहिली. तरुनं चिठ्ठी घेतली, मोंघीला दंडाला धरून उठवलं आणि दाराकडे नेलं. जिना अरुंद होता, पायऱ्या उंच होत्या. मी लगबगीनं पुढे झाले, तरुला सातवा महिना, म्हटलं तिला आधार द्यावा. तिनं हात मागे घेतला.

"भाभूला मी धरते," ती म्हणाली. "तुला दिसतंय. तू ये तुझी तू."